बाटल्यांतलं मीठ कुणी पळवलं?

"ताई, उद्या सकाळी मले पोलीस नेतीन," असं म्हणत जो पोरगा बेबीताई इंगोलेंच्या ऑफिसात शिरला, त्याच्या हातांना सायकलच्या चेनचं काळं तेल लागलेलं होतं आणि डोळे रडून लाल झाले होते.

गोवर्धन हवालदारांना रडणारे पुरुष आवडत नसत. अकोल्याच्या पोलीस खात्यात हयात घालवून ते रिटायर झाले होते आणि आता अमरावतीत बेबीताईंच्या दोन खोल्यांच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत जोडीदार होते. जोडीदार म्हणजे काय, तर गाडी चालवायची, दारं ठोठावायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. हे शेवटचं काम ते फार मन लावून करत.

"बस आंदी," बेबीताई म्हणाल्या. "पाणी घे."

पाण्याचं नाव निघालं आणि पोरगा हमसून रडायला लागला. आता आली का पंचाईत! गोवर्धनभाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं.

पोराचं नाव चंदन. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि सायकल चालवणाऱ्यांचा एक क्लबही तो सांभाळत असे. परवा रविवारी क्लबची मोठी राइड होती, अमरावतीहून अकोला आणि अकोल्याहून परत. मार्च संपत आलेला, वऱ्हाडातलं ऊन म्हणजे बापरे बाप! म्हणून चंदन स्वतः सायकलवर नव्हता. तो मागून व्हॅन घेऊन चालला होता, पंक्चरचं सामान आणि सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन.

"क्लबातली अपेक्षा मस्त चालवून राहिली होती," तो डोळे पुसत म्हणाला. "अकोल्यापर्यंत काहीच तक्रार नाही. परत येताना मूर्तिजापूरच्या पुढं तिचं डोकं दुखाले लागलं. मंग उलटी झाली. मंग ताई, थे मले ओळखेचना! मले म्हणे, काका, बस कितीची हाय? अन् रस्त्यातच पडली. हातपाय झटकाले लागली."

"ऊन लागलं," गोवर्धनभाऊंनी निकाल दिला.

"आमालेही थेच वाटलं. मी तर तिले अजून पाणी पाजलं. पण डॉक्टर म्हणते, ऊन नाही. रक्तातलं मीठ एकदम खाली गेलं. नुसतंच पाणी पोटात गेलं, अन् मीठ सगळं घामावाटे निघून गेलं."

"मंग तुमी मीठ देत नव्हते का पोराईले?"

"देतो ना ताई! बाकीचे पावडर टाकतेत. अपेक्षाले पावडरनं मळमळते, म्हणून तिची आई घरून लिंबू, साखर, मिठाचं पाणी करून देते. दर राइडले. याही वेळी घरून सहा बाटल्या आल्या होत्या. सहाही तिनं संपवल्या. वरून दर थांब्यावर साधं पाणी. मागच्या राइडले तिच्या पायात गोळे आले होते, म्हणून या वेळी मीच तिच्या मागं लागलो होतो, की तहान लागायच्या आंदी पी, घोट घोट पीत राय. मीच पाजलं ताई तिले."

बेबीताईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सहा बाटल्या मिठाचं पाणी पोटात गेलं, अन् डॉक्टर म्हणते पोटात मीठच गेलं नाही."

"हो. अन् सहातल्या पाच बाटल्या माह्या व्हॅनमधी होत्या. तिचे बाबा, खुशालकाका म्हणते, तूच पाणी बदललं. उद्या सकाळी रिपोर्ट देणार आहेत."

"तू कावून बदलशीन?"

चंदनने मान खाली घातली. "दिवाळीत मी अपेक्षाले मागणी घातली होती. काकांनी मले पायरीवरूनच परत धाडलं. थे म्हणते, मी सूड घेतला."

"अन् तिचं काय म्हणणं होतं?"

"तिचं हो होतं. अजूनही हो आहे." त्याने तेलकट हातांनी तोंड पुसलं. "मले दवाखान्यात पाय ठेवू देत नाहीत, ताई. दोन दिवस झाले, मी तिले पायलं नाही."

तो गेल्यावर गोवर्धनभाऊ म्हणाले, "पोट्टा रडते फार. मले तर यानंच केल्यासारखं वाटते."

"तुमाले वाटलं म्हणजे पोरगा बहुतेक निर्दोष आहे," बेबीताई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

खुशालराव घोगऱ्यांचं घर साईनगरात होतं. शेती चांदूर रेल्वेकडे, राहणं शहरात. फाटक उघडून गोवर्धनभाऊंनी अंगणात पाय टाकला आणि ते थेट घसरलेच. धुण्याच्या दगडापासून फाटकापर्यंत साबणाचा फेस वाहत होता.

"अगंबाई!" बादली टाकून एक नवी नवरी धावत आली. हातातला हिरवा चुडासुद्धा अजून उतरला नव्हता. "लागलं का काका? काय करू, साबण कितीही कमी घ्या म्हटलं तरी फेसच फेस होते इथं."

ही आरती, खुशालरावांची सून. महिन्यापूर्वीच लग्न होऊन आलेली. तिचा नवरा श्याम दवाखान्यात बहिणीपाशी बसला होता.

खुशालराव धिप्पाड माणूस. आवाज असा, की शेजारच्या घरातलं मांजर उठून जावं. पण दोन रात्री जागून त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"चंदननं धाडलं ना तुमाले? माहीत आहे मले!" ते गरजले. "त्याले सांगा, माही पोरगी मरता मरता वाचली. मी त्याले सोडत नसतो!"

"सोडू नोका," बेबीताई शांतपणे म्हणाल्या. "पण जो धरान थो खरा चोर असला पाहिजे का नाही? पाणी कोणं केलं होतं?"

खुशालरावांच्या पत्नी आशाबाई पुढे झाल्या. बारीक चणीची, सोशीक चेहऱ्याची बाई. "दरवेळी मीच करतो. पण या वेळी मी शेंदूरजनाघाटले भावाकडं होती. त्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस झाले, घर सूनबाईच पाहून राहिली. मी फोनवर सांगितलं होतं, की असं पाणी तुमच्याही घरी करत असतीनच, तसंच कर."

"करतो ना," आरती दारातून हळूच म्हणाली. "वावरात निंदणाच्या बायांले देतो आमी. चार लिंबं पिळली, साखर विरघळवली, गाळून घेतलं. अगदी आमच्या घरच्यासारखं. बाटल्या मी सोता भरल्या. एक अपेक्षाताईनं सायकलले लावली, पाच चंदनभाऊ घेऊन गेले."

"पायलं?" खुशालराव मधेच उसळले. "घरातून पाणी बरोबर गेलं! मंग रस्त्यात मीठ काय कावळ्यानं नेलं? माह्या सुनेवर कोणी बोट ठेवू नये. भातकुलीच्या पलीकडची पोरगी आहे, खानदानी घर. आमी मुलगी पाहाले गेलो, तर त्या माणसानं आमाले विहिरीचं पाणी दिलं नाही, सीलबंद बाटल्या फोडल्या. लग्नातही सगळ्या वऱ्हाडाले सीलबंद पाणी! असा व्याही भेटत नाही."

आरतीने नजर खाली वळवली. स्तुती ऐकून लाजली असेल, असं गोवर्धनभाऊंना वाटलं.

वऱ्हाडातल्या घरातून उपाशी परतायचं म्हणजे भांडण ओढवून घेणं. पोरगी दवाखान्यात, घर सुतकासारखं गप्प, तरी आशाबाईंनी पाट मांडलेच. स्वयंपाक आरतीचा होता. वरण इतकं शिजलेलं, की डाळीचा दाणा दुर्बीण लावूनही दिसला नसता, आणि चव म्हणाल तर बेताचीच. गोवर्धनभाऊ खाण्याच्या बाबतीत मुळीच बेतात राहत नसत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खुशालरावांनी काही न बोलता मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. स्वतःच्या ताटात त्यांनी आधीच दोन चिमटी घातलेल्या होत्या. आरती पोळी वाढायला वळली, तशी आशाबाईंनीही पटकन एक चिमूट घेतली.

"वरण बाकी मऊ झालं हो," गोवर्धनभाऊ काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"सात-आठ शिट्ट्या देतो ना काका मी," आरती खूश होऊन म्हणाली. "नाही तर शिजत नाही."

जेवणानंतर तिने फ्रीजमधून जग काढला आणि ग्लास भरले. "रविवारचं उरलं होतं. गार आहे."

गोवर्धनभाऊंनी ग्लास एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वा! गोड, मस्त." दुसरा ग्लासही त्यांनीच घेतला. बेबीताईंनी एकच घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. दात दुखत असेल, असा गोवर्धनभाऊंचा कयास.

दवाखान्यात अपेक्षा झोपलेली होती. धोका टळला होता, पण मधूनमधून ती अजून असंबद्ध बोलत होती. तिच्या बोटावर अंगठी कापून काढल्याचा वळ होता. डॉक्टरीणबाई तरुण आणि मोकळ्या होत्या.

"आली तेव्हा हात सुजलेले होते," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं उन्हात फक्त पाणी कमी पडतं. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. तुम्ही तासन् तास नुसतं पाणी भरत राहिलात, की रक्तातलं उरलंसुरलं मीठ पातळ होतं, आणि मग मेंदूला सूज येते. साखर होती पोटात, पाणी भरपूर होतं. फक्त मीठ नव्हतं."

"विष? औषध? काही?"

"काही नाही. सगळं तपासलं."

बाहेर आल्यावर बेबीताई म्हणाल्या, "आता अकोला."

"आता? अकोल्याले काय आहे?"

"हर्षा."

हर्षा ही अपेक्षाची मैत्रीण आणि क्लबातली तिची एकमेव बरोबरीची. पुढच्या महिन्यात एक मोठी आंतरराज्य राइड होती आणि क्लबाकडे मुलींसाठी जागा एकच. अपेक्षा पडली म्हणजे जागा आपसूक हर्षाची. हे कळताच गोवर्धनभाऊंनी चंदनला मनातल्या मनात सोडून दिलं आणि हर्षाला बेड्या घातल्या. संपूर्ण रस्ताभर ते या नव्या गुन्हेगाराबद्दल बोलत होते. बेबीताई झोपल्या होत्या.

अकोल्याच्या बाहेर, बार्शीटाकळी रस्त्याला हर्षाच्या वडलांचा फुलांचा मळा होता. हर्षाची आई इंदूबाई झेंडूच्या राशीपुढे बसून हार ओवत होती. शिकायला अमरावतीत राहणारी हर्षा रविवारी अकोल्यातच राइड सोडून घरी थांबली होती. तिला मैत्रीण पडल्याचं कळलं, ते फोनवरच.

"माह्या पोरीले कशात गुंतवू नोका बाई," इंदूबाई हात जोडून म्हणाली.

"आई, तू थांब ना." हर्षा उन्हाने रापलेली, सरळ डोळ्यांची मुलगी. "विचारा ताई."

"तू मधेच राइड कावून सोडली?" गोवर्धनभाऊंनी खास पोलिसी आवाज काढला.

"गुडघा दुखत होता. हे पाहा, पट्टा."

पट्टा होता. गोवर्धनभाऊ खट्टू झाले.

"अपेक्षाच्या बाटल्यांले हात लावला होता तू?" बेबीताईंनी विचारलं.

"लावला ना. पण व्हॅनमधल्या नाही. बडनेऱ्याले पहिल्यांदा थांबलो तवा तिच्या सायकलवरची घेतली होती. माह्या बाटलीत पावडरचं पाणी, खारट लागे. तिचं शरबतासारखं गोड. मी म्हटलंही, की तुही मजा आहे बाप्पा! थे म्हणे, आज वहिनीनं केलं, आईपेक्षा भारी झालं."

"व्हॅन तवा कुठी होती?"

"मागं. कोणाची तरी चेन तुटली होती, चंदनदादा तिथी थांबला होता."

बेबीताईंनी एक मोठा श्वास सोडला. "अन् तुले ती जागा पाहिजे का?"

हर्षाचे डोळे भरून आले. "पाहिजे ना. पण तिले हरवून पाहिजे, ताई. दवाखान्यात पाडून नाही."

इंदूबाईने निघताना ओंजळभर झेंडू गाडीत टाकला.

परतीच्या वाटेवर ऊन कलायला लागलं होतं. बडनेरा जवळ आलं, तशा बेबीताई म्हणाल्या, "गाडी भातकुलीकडं घ्या."

"तिथी कोण आहे आता?"

"आरतीचं माहेर."

गावात पोचल्यावर बेबीताई एकट्याच आत गेल्या. गोवर्धनभाऊ कडुलिंबाच्या झाडाखाली सीट मागे पाडून जे घोरायला लागले, ते दार वाजलं तेव्हा उठले. ताईंच्या हातात पाण्याने भरलेली एक मोठी बाटली होती.

"मी तहानलोच होतो," गोवर्धनभाऊंनी हात पुढे केला.

"हे नाही." त्यांनी बाटली पिशवीत ठेवली. चेहरा गंभीर होता. "भाऊ, चोर सापडला. पण त्याचं नाव घेऊ का नोको, हेच मले समजून नाही राहिलं."

"म्हणजे? चोर म्हणजे चोर!"

"त्याचं नाव घेतलं तर एक घर मोडू शकते. नाही घेतलं तर चंदन उद्या कोठडीत."

गोवर्धनभाऊंना आयुष्यात असा पेच पडला नव्हता. त्यांनी गाडी सुरू केली.

दिवेलागणीला घोगऱ्यांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. बेबीताईंनी चंदनलाही बोलावलं होतं. तो दाराशीच उभा राहिला, कारण खुशालरावांनी त्याला बसायला सांगितलं नाही. आशाबाई दिवाणावर टेकल्या होत्या. आरती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"बोला," खुशालराव म्हणाले. "यानंच केलं ना?"

"नाही. आंदी हे पाहू, की बाटल्या कोणाले बदलता आल्या असत्या," बेबीताई सुरू झाल्या. "पाच बाटल्या चंदनपाशी होत्या. सहावी अपेक्षाच्या सायकलवर. तिनंच घरी लावलेली. बडनेऱ्याले हर्षानं त्याच बाटलीतलं पाणी पेलं. व्हॅन तवा मागं होती. पाणी शरबतासारखं गोड होतं, असं हर्षा म्हणते. तिच्या खारट पावडरीहून एकदम वेगळं. म्हणजे ज्या बाटलीले चंदनचा हातही लागला नाही, तिच्यातही मीठ नव्हतं."

"हर्षा खोटं बोलत असंन!"

"मंग गोवर्धनभाऊही खोटं बोलतेत. आज दुपारी त्यांनी याच घरात, त्याच दिवशीचं उरलेलं पाणी दोन ग्लास पेलं. काय म्हटलं होतं भाऊ तुमी?"

"गोड, मस्त," गोवर्धनभाऊ म्हणाले आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला. अरे देवा! पुरावा पोटात घालून ते दिवसभर जिल्हे पालथे घालत होते.

"तो जग या घराबाहेर गेलाच नाही. त्यातही मीठ नव्हतं. अजून एक सांगा, सूड घेणारा माणूस काय करतो? पाण्यात काही टाकतो, नाही तर पाणी फेकून देतो. चालत्या गाडीत पाच बाटल्यांत लिंबं पिळून, साखर विरघळवून, फक्त मीठ तेवढं वगळत बसत नाही. मीठ नसल्यानं माणूस पडते हे डॉक्टरीणबाईनं सांगेपर्यंत तुमच्यापैकी कोणाले माहीत होतं?"

बेबीताई खुशालरावांकडे वळल्या.

"मीठ कोणी पळवलं नाही, खुशालराव. मीठ बाटल्यांत पडलंच नव्हतं. यात ना गुन्हा आहे, ना सूड. चंदनले सोडा, एवढंच माहं म्हणणं आहे."

"असं कसं सोडा!" खुशालराव उठून उभे राहिले. "पडलं नाही म्हणजे? माह्या घरातल्या बाईनं मीठ टाकलं नाही म्हणता? मुद्दामून? तुमी याचे पैसे घेतले म्हणून माह्या घरावर उलटवून राहिल्या! उद्या सकाळी मी रिपोर्ट देतोच, अन् तुमचंही नाव टाकतो."

बेबीताईंनी उसासा सोडला आणि पिशवीतून ती बाटली काढली. "बरं. रागावण्याच्या आंदी सगळ्यांनी याचा एकेक घोट घ्या. मंग जे करायचं ते करा."

पेले आले. खुशालरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "छ्या! मीठ कायले कालवलं यात?"

"मी काही नाही कालवलं. विहिरीतून जसं निघालं तसं आणलं."

"असं पाणी कोण पिते?"

आशाबाईंनीही तोंडात घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आरतीने पेला उचलला. तिने नेहमीच्या सवयीने मोठा घोट घेतला आणि ती थांबली. महिनाभर शहरातलं गोडं पाणी पिऊन तिची जीभ बदलली होती. बावीस वर्षं जे पाणी पिऊन ती वाढली, त्याची चव तिला आज पहिल्यांदा कळली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

बेबीताई तिच्याकडे मुळीच पाहत नव्हत्या. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या. गोवर्धनभाऊंच्या डोक्यात आता कुठे उजेड पडायला लागला आणि तो पडू नये असं त्यांना वाटायला लागलं. ही पोर आता गप्प राहिली तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"हे आमच्या विहिरीचं आहे," आरती म्हणाली.

"सूनबाई, तू आत जा," आशाबाई घाईने बोलल्या.

"नाही आई. चंदनभाऊनं काही नाही केलं." तिने पेला खाली ठेवला. "मीठ मीच नाही टाकलं, मामाजी. आमचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. नळाचं पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा येते. बाकी वेळ विहिरीचंच. आमी या पाण्यात साखर अन् लिंबू टाकतो, मीठ टाकतच नाही. पाण्यातच असते ना! माह्या मनातच आलं नाही की इथल्या पाण्यात नसन म्हणून. अपेक्षाताई माह्यानं पडली."

आणि मग ती जी रडायला लागली, ते पाहून गोवर्धनभाऊंनी रुमाल काढला. स्वतःसाठीच काढला.

खुशालरावांचा चेहरा लालबुंद झाला. तोंड उघडलं. पण त्याआधीच बेबीताई बोलल्या.

"तिच्यावर ओरडण्याच्या आंदी माहं ऐका. तुमच्या घरात पाय टाकताच मले कळाले पाहिजे होतं. अंगणभर फेस. खाऱ्या पाण्यात साबणाले फेस येत नाही, म्हणून तिच्या हाताले जास्त साबण घ्यायची सवय. वरणाची पेज झाली, कारण त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही अन् ती इथंही सात-आठ शिट्ट्या देते. स्वयंपाकात मीठ कमी, कारण तिच्या घरी अर्धं मीठ पाण्यातूनच येते. अन् तुमी काय केलं? आठ दिवस तिच्या नजरेआड चिमटीनं मीठ टाकून जेवत राहिले."

"नव्या सुनेले कोण सांगन?" आशाबाई पुटपुटल्या. "मन दुखलं असतं तिचं."

"तिचं मन जपलं, अन् तिले कळूच दिलं नाही. तिच्या बापानंही थेच केलं. पाहुण्यांले आपलं खारं पाणी कसं द्यावं म्हणून सीलबंद बाटल्या विकत आणल्या. त्यामुळं तुमी सोयरीक केली, पण सोयऱ्याच्या घरचं पाणी काही पेले नाही. अन् राहिला चंदन. त्यानं मागच्या राइडची धास्ती घेऊन तिले जास्त पाणी पाजलं. सगळ्यांनी मायेनंच केलं, खुशालराव. यात रिपोर्ट कोणाच्या नावानं देता?"

आशाबाई उठल्या आणि सुनेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माहंच चुकलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. जन्मात त्या नवऱ्यासमोर एवढ्या मोठ्याने बोलल्या नसतील. "फोनवर किती मीठ टाकायचं ते मी सांगितलं नाही. तुमच्या घरच्यासारखं कर म्हटलं, अन् तिनं तसंच केलं. ओरडायचं असंन तर माह्यावर ओरडा."

खुशालराव ओरडले नाहीत. ते खुर्चीत बसले, पेल्यातल्या उरलेल्या पाण्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "व्याही रोज हेच पिते?"

आरतीने मान डोलावली.

"अन् आमी गेलो तवा पाण्याले पैसे मोजले त्यानं." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पोरी, तुले गप्प बसता आलं असतं. कावून बोलली?"

"चंदनभाऊले पोलीस नेणार होते ना, मामाजी."

खुशालरावांनी दाराशी उभ्या असलेल्या चंदनकडे पाहिलं. माफी मागायची सवय त्या माणसाला नव्हती, आणि या वयात ती एका संध्याकाळीत लागत नाही.

"काका," चंदनच म्हणाला, "मले काही नोको. फक्त एकदा तिले पाहू द्या."

खुशालरावांनी गाडीची किल्ली उचलली. घाईत ती खाली पडली. गोवर्धनभाऊंनी ती उचलली आणि सरळ बाहेर जाऊन स्टिअरिंगवर बसले. एवढं तरी काम त्यांना नीट जमत होतं.

"बसा गाडीत," खुशालराव चंदनला म्हणाले. मग मागे वळून आरतीला, "तूही चल. रडणं पुरे आता."

दवाखान्यात अपेक्षा उशीला टेकून बसली होती. श्याम तिला चमच्याने पेज भरवत होता. तिची नजर आता स्वच्छ होती. दारातून आधी वडील आले, मागून डोळे सुजलेली वहिनी, आणि तिच्या मागे दाराच्या चौकटीतच अडखळलेला चंदन. अपेक्षाने त्याला पाहिलं आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"बाबा," ती रडता रडता म्हणाली, "तुमी आणलं याले?"

खुशालराव खाकरले.

"मी कायले आणतो," ते म्हणाले. "तुह्या वहिनीनं आणलं."